पाठमोरं बसून पुढे जाणं : रोइंग क्लबमध्ये शिरायचं कसं?

विष्णुपुरीत बसून वल्हवण्यावर बोलायचं, याहून योग्य जागा कोणती? इथून थोडं चाललं की काळेश्वराच्या पायथ्याशी शंकर सागर जलाशयाचं पाणी लागतं. गोदावरीला आपण ‘गंगा’ म्हणतो, तिला नमस्कार करतो, तिचंच पाणी नळाला येतं. पण त्या पाण्यावर उतरायचं म्हटलं की आपल्याला दोनच गोष्टी आठवतात. एक वाळू उपसणारे तराफे आणि दुसरी, उन्हाळ्यात पोहायला गेलेली मुलं बुडाल्याची बातमी. पाणी आणि आपण यांच्यात तिसरं काही नातं असू शकतं का, हा आजचा खरा विषय आहे. रोइंग क्लब हे त्याचं एक उत्तर.

आधी शब्दाचा गोंधळ मिटवू. वर्तमानपत्रं रोइंग, कयाक, शिडाची होडी या सगळ्यांना ‘नौकानयन’ म्हणतात. फरक सोपा आहे. कयाकमध्ये तुम्ही पुढे तोंड करून बसता आणि वल्हं हातात मोकळं असतं. रोइंगमध्ये वल्हं बोटीच्या बाजूच्या लोखंडी आधारात, म्हणजे रिगरमध्ये, अडकवलेलं असतं आणि तुम्ही पाठमोरे बसता. जायचंय तिकडे पाठ! दोन हातांत दोन वल्ही असली तर ते स्कलिंग, दोन्ही हातांनी एकच मोठं वल्हं ओढलं तर स्वीप. बोटीत एक, दोन, चार किंवा आठ जण बसतात. आठ जणांच्या बोटीत नववाही असतो, तो कॉक्स. तो वल्हवत नाही. सुकाणू धरतो, समोर बघतो आणि ताल देतो.

आता क्लब कसा असतो ते बघू. आपल्या राज्यातली जुनी उदाहरणं पुण्यातली आहेत. रॉयल कॅनॉट बोट क्लब 1868 सालचा. आणि अभियांत्रिकी महाविद्यालयाचा, म्हणजे सीओईपीचा बोट क्लब 1928 सालचा. हा दुसरा आपल्यासाठी जास्त महत्त्वाचा, कारण तो विद्यार्थ्यांच्या अंगावर चालतो. त्यांचा ‘रेगाटा’ हा वार्षिक कार्यक्रम मुळा नदीवर होतो. शर्यती असतात, पंट नावाच्या सपाट बोटींच्या रचना असतात, मशाली असतात. बघणाऱ्याला दिसतो तो एका संध्याकाळचा सोहळा. त्यामागे कित्येक महिन्यांच्या पहाटा असतात.

नवीन माणूस क्लबमध्ये गेला की त्याला लगेच बोट मिळत नाही. पहिला प्रश्न असतो, पोहता येतं का? अंगावर कपडे असताना काही अंतर पोहून दाखवा, पाण्यात तरंगत राहून दाखवा. त्यानंतर जमिनीवरचं मशीन, त्याला एर्गोमीटर म्हणतात, मुलं नुसतं ‘एर्गो’ म्हणतात. तिथे पहिला गैरसमज गळून पडतो. आपल्याला वाटतं, वल्हवणं म्हणजे दंडाचं काम. तसं नाही. बसायची सीट चाकांवर मागेपुढे सरकते. गुडघे दुमडून पुढे यायचं, वल्हं पाण्यात टाकायचं, मग पायांनी जोरात रेटायचं, पाठ उघडायची आणि सगळ्यात शेवटी हात ओढायचे. जोराचा मोठा वाटा पायांचा. परत येताना मात्र घाई करायची नाही, सावकाश यायचं. नवखा नेमकं उलटं करतो. ओढतो हातांनी आणि परत येतो धावत.

मग रुंद, स्थिर बोट. सोबत जुने खेळाडू. शर्यतीची बोट फार नंतर, कारण ती अतिशय अरुंद असते. एकट्याची बोट सुमारे 8 मीटर लांब आणि वजन नियमाप्रमाणे किमान 14 किलो. म्हणजे गव्हाच्या लहान कट्ट्याएवढंही नाही! वल्हं चुकीच्या कोनात पाण्यात शिरलं तर ते अडकतं आणि त्याची मूठ उलटी येऊन पोटात बसते. याला ‘क्रॅब पकडणं’ म्हणतात. प्रत्येकाला हा खेकडा एकदा तरी चावतोच.

पण सगळ्यात अवघड धडा पाण्यावरचा नसतो, वेळेचा असतो. आठ जणांची बोट सात जणांत निघत नाही. एक जण झोपून राहिला की बाकीच्यांची पहाट वाया. आणि बोट उचलून पाण्यापर्यंत न्यायची, परत आणून पुसून मांडावर ठेवायची, हेही सगळ्यांनी मिळूनच. जो फक्त वल्हवायला येतो आणि बोट पुसायच्या वेळी गायब होतो, तो फार दिवस टिकत नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे पुण्यातल्या लोकांचं. तर दत्तू भोकनळ बघा. नाशिक जिल्ह्यात चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही, दुष्काळी गाव. वडिलांबरोबर विहिरी खोदणारा मुलगा. 2012 साली सैन्यात गेला, तिथे त्याची उंची बघून रोइंगला घेतलं. सुरुवातीला त्याला पाण्याची भीती वाटायची. तोच मुलगा 2016 च्या रिओ ऑलिंपिकला एकट्याच्या बोटीत 13 वा आला. 2000 मीटरची शेवटची शर्यत त्याने सात मिनिटांच्या आत संपवली. 2018 च्या आशियाई स्पर्धेत वैयक्तिक शर्यतीत तो आजारी असताना उतरला आणि मागे पडला. दुसऱ्या दिवशी चौघांच्या बोटीत बसला आणि सुवर्णपदक आलं. पाणी नसलेल्या गावातून तो पाण्यावर गेला. आपल्या तर दारात पाणी आहे.

मात्र दारात पाणी आहे म्हणून उद्या सकाळी होडी घेऊन उतरू नका. हा जलाशय धरणाचा आहे. पावसाळ्यात दरवाजे उघडले की दिसायला शांत असलेलं पाणीही ओढतं. परवानगी जलसंपदा विभागाची लागेल. शहराचं पिण्याचं पाणी इथून जातं, तेव्हा इंजिनचं तेल पाण्यात सांडता कामा नये. वल्ह्याच्या बोटीला इंधन लागत नाही, पण मागून येणाऱ्या बचाव बोटीला लागतं. म्हणून क्रम असा धरा : आधी पोहणं, मग एर्गो, मग लाइफ जॅकेट आणि बचाव बोट, आणि शर्यतीची बोट सगळ्यात शेवटी. हा क्रम पाळला तर बोट येण्याआधीच दहा-वीस मुलांना नीट पोहता येत असेल. तेवढंच झालं तरी मी म्हणेन, क्लब यशस्वी झाला.

*शेवटी श्रोत्यांमधून दोन प्रश्न आले.*

*सर, मुलींना हे झेपेल का?*

ताई, महिलांचं रोइंग 1976 पासून ऑलिंपिकमध्ये आहे. तेव्हा त्यांना 1000 मीटर दिले होते, 1988 पासून पुरुषांइतकेच 2000. झेपण्याचा प्रश्न तिथे कधीच मिटला. आपल्याकडचा प्रश्न पहाटे साडेपाचला घरातून बाहेर पडू देण्याचा आहे. त्यासाठी घरच्यांना एकदा काठावर आणून बसवा, सराव दाखवा.

*मला पोहता येत नाही. मी येऊ का?*

जरूर या. फक्त पहिले दोन-तीन महिने तलावावर जा, बोटीकडे नको. बोट कुठे पळून जात नाही.