जपानी पडद्यावरचं संस्कृत

उरण, उलवे, द्रोणागिरी या पट्ट्यात अ‍ॅनिमे पाहणारी मुलं आता गल्लोगल्ली भेटतात. ‘अटॅक ऑन टायटन’ संपलं, ‘डेमन स्लेयर’ थिएटरात जाऊन पाहिलं, आता पुढे काय, असं त्यांच्यापैकी कुणी विचारलं की मी आधी मुरुडचं नाव घेतो.

नाना पाटेकर मूळचे मुरुड-जंजिऱ्याचे. ‘जंगल बुक’ या मालिकेच्या हिंदी अवतारातला शेरखान त्यांच्या आवाजात बोलतो. किपलिंगच्या गोष्टींवरची ही मालिका निप्पॉन अ‍ॅनिमेशनने केली आणि २ ऑक्टोबर १९८९ पासून जपानी दूरचित्रवाणीवर तिचे बावन्न भाग झाले. आपल्याकडे १९९३ मध्ये ती दूरदर्शनवर आली. शीर्षकगीत गुलजारांचं, संगीत विशाल भारद्वाजांचं. आज चाळिशीत असलेली पिढी ते गीत अजून गुणगुणते, पण आपण त्या वेळी जपानी चित्रं पाहत होतो हे त्यातल्या अनेकांना माहीत नाही. मूळ जपानी आवाज आणि खाली इंग्रजी अक्षरं, एवढंच खरं अ‍ॅनिमे, असं मानणारे चाहते मला पटत नाहीत ते यामुळेच. चांगलं डबिंग म्हणजे त्या कलाकृतीचा दुसरा जन्म. रायगडच्या किनाऱ्यावरच्या माणसाने दातओठ खात म्हटलेले संवाद त्या वाघाला जितके शोभले, तितका दुसरा आवाज शोभला असता असं मला वाटत नाही.

जपानमध्ये मोगली पडद्यावर आला त्याच वर्षी, २६ मे १९८९ रोजी, न्हावा शेवाचं बंदर सुरू झालं. जानेवारी १९८४ मध्ये जमिनीसाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली इथले शेतकरी लढले आणि गोळीबारात पाच जणांनी प्राण दिले, हा इतिहास या भागात कुणाला सांगावा लागत नाही. शिवडी ते न्हावा शेवा या अटल सेतूसाठी जपानच्या ‘जायका’ने कर्ज दिलं, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. अ‍ॅनिमेतल्या पात्रांच्या मूर्ती मागवणाऱ्या चाहत्यांना जपान भेटतं ते मात्र कस्टममध्ये. खेळण्यांवरची आयात ड्युटी २०२० मध्ये वीस टक्क्यांवरून साठवर नेली, २०२३ मध्ये सत्तरवर. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह नसलेलं खेळणं विकायला मनाई आहे आणि त्यासाठी परदेशी कारखान्यालाही भारतीय मानक ब्युरोचा परवाना काढावा लागतो. लहान मुलाच्या हातात विषारी रंगाचं प्लास्टिक पडू नये हा हेतू योग्यच आहे. पण त्याच आदेशात खेळणं म्हणजे चौदा वर्षांखालच्या मुलांनी खेळायची वस्तू, अशी व्याख्या आहे. तिशीतला माणूस पगारातून पैसे बाजूला टाकून काचेच्या कपाटात ठेवायला जी मूर्ती मागवतो, ती या व्याख्येत कशी बसते? संग्राह्य वस्तूंसाठी वेगळा नियम हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

भारताशी नातं असलेल्या अ‍ॅनिमेच्या शोधात मी सर्वांत जास्त रमलो तो मात्र एकाच चित्रपटात, ‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम’मध्ये. पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांच्या उत्खननावर माहितीपट करायला जपानी चित्रपटकार युगो साको १९८३ मध्ये भारतात आले, रामकथेच्या प्रेमात पडले आणि तिची जपानी भाषांतरं एकामागून एक वाचत सुटले. त्या वर्षी २५ एप्रिलला त्यांच्या माहितीपटाविषयी ‘इंडियन एक्सप्रेस’मध्ये बातमी आली. तिच्यावरून गैरसमज होऊन विश्व हिंदू परिषदेने दिल्लीतल्या जपानी वकिलातीला निषेधाचं पत्र पाठवलं : परक्याने रामायणावर मनमानी चित्रपट काढू नये. साकोंनी परिषदेची भेट घेतली, सरकारशी बोलणी केली. अ‍ॅनिमेशन ही जपानमध्ये गंभीर कला आहे, रामकथा तिच्यातून जगभर पोहोचेल, हे त्यांनी पटवून दिलं. पत्राचा प्रश्न मिटला. मात्र दोन देशांनी मिळून चित्रपट करण्याचा प्रस्ताव पुढे सरकारनेच नाकारला. विषय नाजूक, आणि रामायणाचं कार्टून होऊ शकत नाही, असं कारण दिलं गेलं. त्यात अयोध्येचा वाद तापत चालला होता. शेवटी काम जपानमध्येच करायचं ठरलं.

‘कार्टून होऊ शकत नाही’ या वाक्यापाशी मी फार काळ थांबलो. चित्रकथी, कळसूत्री, दशावतार, ‘अमर चित्रकथा’ असं सगळं ज्या देशात आहे, तिथल्या सरकारी कचेरीत हे वाक्य उच्चारलं गेलं. आणि ते खोटं ठरवायला मुंबईतून जो माणूस गेला, त्याने उभं आयुष्य कार्टूनमध्येच घालवलं होतं. राम मोहन १९५६ मध्ये फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात लागले. डिस्नेच्या ‘बॅम्बी’वर काम केलेले क्लेअर वीक्स तेव्हा इथल्या मुलांना शिकवायला आले होते, त्यांच्या हाताखाली ते तयार झाले. ‘शतरंज के खिलाडी’तला अ‍ॅनिमेशनचा भाग त्यांचा, युनिसेफची ‘मीना’ही त्यांचीच. साकोंच्या चित्रपटात ते कोइची सासाकींच्या बरोबरीने दिग्दर्शक होते. सुमारे साडेचारशे कलाकार राबले. धोतर कसं नेसतात, धाकटा थोरांचे आशीर्वाद कसे घेतो, हे भारतीय कलाकार जपान्यांना करून दाखवत. जानेवारी १९९३ मध्ये दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात चित्रपट दाखवला गेला, तेव्हा बाबरी पाडली जाऊन जेमतेम महिना झाला होता आणि मुंबई पेटली होती. अशा वेळी हा चित्रपट लोकांपर्यंत कुठून पोहोचणार? पुढे हिंदी डबिंग झालं, त्यात अरुण गोविल रामाचा आणि अमरीश पुरी रावणाचा आवाज झाले, आणि टीव्हीवर मुलांनी तो पाहिला. देशभरच्या थिएटरांत तो नव्याने झळकला २४ जानेवारी २०२५ रोजी. साको २०१२ मध्ये वारले होते, राम मोहन २०१९ मध्ये.

चाहते या चित्रपटातल्या चित्रांबद्दल भरभरून बोलतात, गाण्यांबद्दल क्वचितच. मूळ इंग्रजी आवृत्तीतली गाणी संस्कृतात आहेत. संगीत वनराज भाटियांचं आणि शब्द आपल्या वसंत देवांचे. तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’ हिंदीत नेणारे ते हेच देव. हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’वरून निघालेल्या ‘भूमिका’त त्यांची गाणी आहेत, ‘सारांश’साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘भारत एक खोज’च्या सुरुवातीला ऐकू येणाऱ्या नासदीय सूक्ताचं हिंदी रूपही त्यांचंच, आणि तिथलं संगीतही भाटियांचंच. म्हणजे या जोडीने वेदवाणी समूहगानात बांधून पाहिलेली होतीच. जपानी चित्रांसाठी त्यांनी त्याच्या पुढचं पाऊल टाकलं. तेंडुलकरांचे बोचरे संवाद पेलणाऱ्या माणसाने इथे सोपं, गाता येईल असं संस्कृत लिहिलं. मराठी रंगभूमीच्या इतिहासात देवांचं नाव आदराने घेतलं जातं, पण त्यात या कामाचा उल्लेख मला सापडला नाही. तो व्हायला हवा. म्हणून सांगतो, एकदा तरी मूळ इंग्रजी आवृत्ती संस्कृत गाण्यांसह ऐका. अमेरिकेत ‘प्रिन्स ऑफ लाइट’ या नावाने निघालेली आवृत्ती टाळा. तिच्यात ब्रायन क्रॅन्स्टन आणि जेम्स अर्ल जोन्स यांचे आवाज आहेत खरे, पण चित्रपट कापून लहान केला आहे.

रामायणानंतर हातात गेम हवा असेल तर पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ घ्या. तो २०२० चा. धाकट्या भावाला असुरांच्या तावडीतून सोडवायला निघालेल्या मुलीची गोष्ट त्यात छायाबाहुल्यांतून उलगडते. ‘सूरज : द रायजिंग स्टार’ मात्र नुसतं कुतूहल म्हणून पाहा. १९६० च्या दशकातल्या ‘क्योजिन नो होशी’ या जपानी बेसबॉलकथेचं मुंबईतलं क्रिकेट केलेली ही मालिका डिसेंबर २०१२ पासून कलर्सवर लागत होती. कल्पना झकास, पण जपानी बाप आणि मुंबईचा बाप यांच्या रागाची जात वेगळी असते, आणि तिथेच ती फसते.

मांगा वाचायची इच्छा असेल तर ओसामु तेझुकांची ‘बुद्ध’ घ्या. तिचे इंग्रजी खंड भारतात मिळतात. मराठीतून सुरुवात करायची तर ‘तोत्तोचान’ आहेच. तेत्सुको कुरोयानागींचं हे पुस्तक चेतना सरदेशमुख-गोसावींच्या अनुवादातून आपल्याकडे घरोघरी पोहोचलं. डोरेमॉन आणि शिनचॅन काढणाऱ्या शिन-एई अ‍ॅनिमेशनने त्याच्यावर चित्रपट केला. दिग्दर्शक शिन्नोसुके याकुवा. डिसेंबर २०२३ मध्ये तो जपानमध्ये लागला आणि पुढच्या वर्षी आनसीच्या अ‍ॅनिमेशन महोत्सवात त्याला पॉल ग्रिमो पुरस्कार मिळाला. पुस्तकात कडेकडेने असलेलं दुसरं महायुद्ध इथे हळूहळू चौकटीत शिरतं : रंग कमी होतात, खाऊ कमी होतो, आणि शेवटाकडे तोत्तोचान सैनिकांच्या गर्दीतून रस्त्याने धावत सुटते, तेव्हा शहरात काय चाललं आहे ते एकाही संवादाशिवाय कळतं. पुस्तक आधी वाचा, चित्रपट नंतर. आणि घरात डोरेमॉन पाहणारं लहान मूल असेल तर त्यालाही शेजारी बसवा. युद्धाचा भाग आला की त्याला प्रश्न पडतील, त्यांची उत्तरं द्यायची तयारी ठेवा.