चोरखमाऱ्याच्या फाटकातून एक संध्याकाळ



धान घरात आले, बांध्यांत लाखोळी वर आली, की घरोघरी एक बोलणे निघते. हातात चार पैसे आहेत, चार दिवस रिकामे आहेत, पोराबाळांना घेऊन कुठे जायचे? बहुतेक जण देवदर्शनाला जातात. काही जण नागपूरला नातेवाइकांकडे जातात. यंदा मी तुम्हाला तिसरी वाट सुचवणार आहे. ती आपल्या धुऱ्यापासून फार लांब नाही, आणि तरीही आपल्यापैकी शंभरातले नव्वद जण त्या वाटेने कधी गेलेले नाहीत.

गेल्या हिवाळ्यात माझा पुतण्या सुटीवर आला होता. तिकडे लोणावळा-अलिबागकडे चार जाड चाकांची मोटारसायकल भाड्याने मिळते. तिला क्वाड बाईक म्हणतात. पुढे एक माहीतगार, मागे आपण, आणि सूर्य बुडेपर्यंत माळावरून, ओढ्यातून धुरळा उडवत हिंडायचे. तो मला म्हणाला, “काका, आपल्या नागझिऱ्याच्या दऱ्यांतून अशी गाडी हाणली तर काय मजा येईल!”

मी त्याला सांगितले, “बाबा, ती गाडी अभयारण्यात नेता येत नाही. आवाज मोठा, रस्ता सोडून धावणारी, आणि वर बसणारा उघडा. समोर अस्वल आले तर काय करशील? पण संध्याकाळची फेरी पाहिजे असेल, सोबत माहीतगार पाहिजे असेल, तर चल चोरखमाऱ्याला.”

आमच्याबरोबर माझी पत्नी होती, आणि माझे एक जुने स्नेही होते. पाच एकर धानाचे शेतकरी, शेत जंगलाला लागून. त्यांना बोलावले तेव्हा त्यांनी हात झटकले. म्हणाले, “साहेब, डुकरं मले रोज रात्री फुकट दिसतेत. पैसे देऊन कायले पाहाचे?” त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. त्या हंगामात त्यांच्या दोन बांध्या लोंबी भरत असताना रानडुकरांनी लोळवल्या होत्या. तरी मी त्यांना आग्रह करून घेतले. त्याचे कारण पुढे सांगतो.

चोरखमारा हे तिरोडा तालुक्यातले गाव. तिरोडा हे मुंबई-हावडा लोहमार्गावरचे स्टेशन, गोंदिया आणि तुमसर यांच्या दरम्यान. गावाजवळ इंग्रज अमदानीतला मातीच्या पाळीचा मोठा तलाव आहे, आणि गावापुढे नागझिरा अभयारण्याचे फाटक आहे. पिटेझरी, मंगेझरी, उमरझरी ही याच जंगलाची दुसरी फाटके. नागझिरा 1970 साली अभयारण्य झाले. क्षेत्र सुमारे 153 चौरस किलोमीटर. नवेगाव राष्ट्रीय उद्यान 1975 सालचे. पुढे 2013 च्या डिसेंबरात ही दोन्ही, तसेच नवीन नागझिरा, नवेगाव आणि कोका ही अभयारण्ये मिळून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. महाराष्ट्रातला तो पाचवा.

या जंगलाची कीर्ती शहरातल्या वाचकांपर्यंत आपल्याआधी पोचली. व्यंकटेश माडगूळकर येथे येऊन राहिले आणि त्यांनी ‘नागझिरा’ हे पुस्तक लिहिले. पक्ष्यांचे अभ्यासक किरण पुरंदरे यांनी येथे चारशे दिवस काढले. वनाधिकारी मारुती चितमपल्ली यांनी नवेगावबांधच्या मुक्कामात पाखरे, झाडे आणि माणसे यांची माहिती गोळा करून मराठीत आणली. त्यांना 2025 साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जून महिन्यात ते गेले. पुण्या-सोलापूरची माणसे येऊन आपले जंगल वाचून गेली. आपण मात्र मोहफुले, तेंदूपाने आणि सरपण यांपलीकडे त्याला फारसे विचारले नाही.

फाटकावर नाव-गाव नोंदवले, पैसे भरले, पावती घेतली. उघडी जिप्सी गाडी मिळाली. तिच्यात सहा जण बसतात, शिवाय चालक आणि मार्गदर्शक. मार्गदर्शक घेतल्यावाचून आत सोडत नाहीत. आमचा मार्गदर्शक जवळच्याच गावचा तरुण होता. घरी धानाची शेती, आईवडील शेतावर, आणि हा सकाळ-संध्याकाळ गाडीवर. त्याने निघण्यापूर्वी चार गोष्टी बजावल्या. गाडीतून पाय खाली टाकायचा नाही. मोठ्याने बोलायचे नाही. जनावराला खायला द्यायचे नाही. आणि कागद, पिशवी, बाटली काही टाकायचे नाही. जनावर दिसले तरी गाडी किमान 20 मीटर लांब उभी राहील, हेही त्याने आधीच सांगून ठेवले, म्हणजे पुढे नेण्याचा हट्ट कोणी करू नये.

गाडी सावकाश निघाली. दोन्ही बाजूंनी ऐन, साग, बिजा, धावडा, तेंदू, मध्येच बांबूची बेटे. रस्ता गायखुरीच्या टेकड्यांमधून वर चढतो, खाली दरीत उतरतो. झाडीची नावे माझ्या स्नेह्यांना त्या मार्गदर्शकाइतकीच पाठ होती. दोघांची लगेच जमली.

एका वळणावर मार्गदर्शकाने गाडी थांबवायला सांगितले. धुळीत वाघाच्या पायाचे ठसे होते. त्याने बोट न लावता दाखवले: ही टाच, ही चार बोटे, नखांचा मागमूस नाही, कारण चालताना वाघ नखे आत घेतो. ठशावरून पाखरू चालून गेलेले नव्हते, म्हणजे ठसा ताजा. माझे स्नेही वाकून पाहत होते. म्हणाले, “असाच मी आमच्या धुऱ्यावर पाहिला हाय. मले वाटले, माझ्या बैलासाठी आला.”

पुढे पाणवठा आला. तेथे चितळांचा कळप, आणि वर झाडावर वानरे. वानरे पाला तोडून खातात, अर्धा खाली टाकतात, तो चितळांना मिळतो. त्याच्या बदल्यात चितळांचे नाक आणि वानरांचे डोळे अशी दोघांची राखण चालते. वानराने खोकल्यासारखा आवाज काढला की चितळ शेपटी उभी करते. आपल्या शेतात मचाणावर बसून राखण करणाऱ्याला ही रीत समजावून सांगावी लागत नाही.

पाणवठ्याच्या पलीकडे चिखलात रानडुकरे होती. एक मोठी मादी आणि सात-आठ पिल्ले, नाकाने माती उकरत. “आले आमचे पाहुणे,” माझे स्नेही पुटपुटले. एवढ्यात पिल्ले एकदम गोळा झाली आणि मादीने मान वर केली. झाडीतून तांबूस अंगाची, झुबकेदार काळ्या शेपटीची रानकुत्री निघाली. एक, दोन, मग पाच. आवाज नाही, घाई नाही. मादी पिल्लांना घेऊन बांबूत शिरली, आणि रानकुत्री तिच्या मागे. पुढे काय झाले ते आम्हाला दिसले नाही. गाडीत मिनिटभर कोणी बोलले नाही.

मग तो मार्गदर्शक हळूच म्हणाला, “काका, रात्री वाघ तुमच्या धुऱ्यावर येते तो बहुतेक डुकराच्या मागे येते. चितळ अन् डुक्कर हेच त्याचे जेवण. पण करंटची तार कोणाले ओळखत नाही.”

आता स्नेह्यांना आग्रह का केला ते सांगतो. डुकरांना कंटाळून त्यांनी तारेचे बंडल आणून ठेवले होते. शेतावरच्या वीजजोडणीतून करंट सोडायचा त्यांचा बेत होता. मी दोनदा नको म्हणालो, त्यांनी ऐकले नाही. रागावलेल्या माणसाला उपदेश लागत नाही, हे एवढ्या वर्षांच्या नोकरीत मला कळले आहे.

नागझिऱ्याचा ‘जय’ नावाचा वाघ तुम्ही ऐकला असेल. भला दांडगा गडी. 2013 साली तो येथून निघाला, वैनगंगा ओलांडून उमरेड-कऱ्हांडल्याच्या जंगलात गेला. त्याला पाहायला देशभरातून माणसे आली. 2016 च्या एप्रिलनंतर तो कोणाला दिसला नाही. त्याचा छावा ‘श्रीनिवास’. तो 2017 साली नागभीडकडे शेताच्या राखणीसाठी सोडलेल्या विजेच्या तारेला लागून मेला आणि जमिनीत पुरलेला सापडला. नागझिऱ्यात वाघिणी कमी पडल्या म्हणून 2023 च्या मे महिन्यात ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी आणून सोडाव्या लागल्या. एका बाजूला वाघीण आणून सोडायची आणि दुसऱ्या बाजूला तार लावायची, असा हा हिशोब आहे.

वाघाचे सोडा. माझ्या नोकरीत मी एक शेत पाहिले. तारेला वाघ लागला नव्हता, डुक्करही लागले नव्हते. पहाटेच्या अंधारात बांधीचे पाणी फिरवायला निघालेला शेजारी लागला होता. दोन्ही घरे बसली. एकाचा कर्ता गेला, दुसऱ्याचा तुरुंगात. तेव्हापासून तारेचे बंडल कोठे दिसले की मी गप्प बसत नाही.

मग करायचे काय? सौर कुंपण. त्याची तारही झटका देते, पण तो झटका क्षणाचा असतो आणि दोन झटक्यांमध्ये साधारण सेकंदाची उसंत असते. जनावर दचकते, मागे सरते, जिवंत राहते. घरच्या विजेचा प्रवाह अखंड असतो. त्यात स्नायू आवळतात आणि सुटता येत नाही. फरक एवढाच, पण तो जीवन-मरणाचा आहे. सौर कुंपणाची खालची तार जमिनीपासून वीतभर उंच ठेवा, नाहीतर डुक्कर खालून शिरते. तारेला गवत टेकू देऊ नका, झटका कमी होतो. जंगलालगतच्या गावांना डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून यासाठी अनुदान मिळते. चार-सहा शेजाऱ्यांनी मिळून अर्ज केला तर सलग कुंपण होते आणि खर्च वाटला जातो.

पिकाचे नुकसान झाले तर तीन दिवसांच्या आत वनखात्याकडे अर्ज द्या. वनखाते, कृषिखाते आणि गावचे तलाठी किंवा ग्रामसेवक मिळून पंचनामा करतात. तोवर मोडलेले पीक उचलू नका. उशीर झाला म्हणून हक्काची भरपाई बुडालेली मी कितीदा पाहिली आहे. उलट, तारेने वाघ मेला तर 1972 च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे 3 ते 7 वर्षे कैद आहे.

असो. दिवस कलला तशी गाडी परतीला लागली. सूर्य बुडायच्या सुमाराला फाटकाबाहेर पडावेच लागते, म्हणून चालकाची नजर घड्याळावर असते. शेवटच्या उतारावर रानगव्यांचा कळप रस्ता ओलांडत होता. पांढरे पायमोजे घातल्यासारखे त्यांचे पाय संध्याकाळच्या उजेडात उठून दिसत होते. आम्ही थांबलो, ते गेले, मग आम्ही निघालो. वाघ दिसला नाही. पुतण्या थोडा हिरमुसला, पण क्वाड बाईकचे नाव त्याने पुन्हा काढले नाही.

बाहेर आल्यावर तलावाच्या पाळीवर बसून आम्ही घरून आणलेली भाकरी आणि मिरचीचा ठेचा खाल्ला. सूर्य टेकडीमागे गेला होता, पाणी अजून तांबडे होते. माझ्या पत्नीने विचारले, “या पाण्याखाली धान किती होत असेल?” शेतकऱ्याच्या घरातले बोलणे शेवटी तेथेच येते. ओढ्यांचे पाणी जंगलातून झिरपत तलावात येते आणि तलावातून बांध्यांत जाते. माझे स्नेही बराच वेळ पाण्याकडे पाहत होते.

तुम्हाला जायचे असेल तर काही गोष्टी ध्यानात ठेवा. पावसाळ्यात हे जंगल बंद असते, तेव्हा आपलीही रोवणी असते, म्हणून अडचण नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी हवा चांगली, मात्र उघड्या गाडीत संध्याकाळी थंडी झोंबते, लेकरांना कानटोपी आणि शाल घ्या. एप्रिल-मे मध्ये ऊन कडक, पण जनावरे पाण्यावर येतात. भडक आणि पांढरे कपडे नकोत, मातकट रंगाचे बरे. दोन घरांनी मिळून एक गाडी केली तर प्रत्येकाच्या वाट्याला भाडे कमी येते. दर आणि सुटीचा वार आधी विचारून घ्या. आणि मार्गदर्शक आपल्याच भागातला पोरगा असतो, त्याला शेतीचे विचारा. तो मोकळा होतो, आणि शहरी पाहुण्याला जे सांगत नाही ते तुम्हाला सांगतो.

महिन्याभराने मी स्नेह्यांच्या घरी गेलो. तारेचे बंडल पडवीत तसेच खुंटीला होते. डुकरे येतात काय, असे विचारले. “येतेत ना, साहेब. कालही आले होते,” ते म्हणाले. मग त्यांनी आतून कागद आणला. सौर कुंपणाचा अर्ज होता, खाली पाच शेजाऱ्यांच्या सह्या आणि एक अंगठा. “हे बराबर लिहिले का, पाहून द्या,” म्हणाले.

मी चष्मा काढला आणि ओसरीवर बसून तो वाचला. सातबाऱ्याचा उतारा जोडायचा राहिला होता, तेवढा जोडायला सांगितला.