पुस्तक मिटून केलेला अभ्यास

दर वर्षी मकरसंक्रांत आटोपली की दवाखान्यातील रुग्णांचे स्वरूप पालटते. सर्दी-खोकल्याच्या जोडीने डोकेदुखी, पोटदुखी, मळमळ, छातीतील धडधड अशा तक्रारी घेऊन दहावी-बारावीची मुले येऊ लागतात. तपासणीत बहुधा काहीच सापडत नाही. मध्यप्रदेश माध्यमिक शिक्षा मंडळाच्या परीक्षा फेब्रुवारीत असतात, हेच काय ते निदान! सोबत आलेली आई हमखास म्हणते, "डॉक्टर, स्मरणशक्तीसाठी एखादे टॉनिक लिहून द्या ना." रक्त कमी असलेल्या मुलीला लोह अवश्य द्यावे, पण निरोगी मुलाची स्मरणशक्ती वाढवील असे टॉनिक आम्हा डॉक्टरांजवळ नाही. तेव्हा मी औषधाऐवजी प्रश्न विचारतो : अभ्यास कसा करतोस?

उत्तर बहुतेक एकच असते. "सगळे दोनदा वाचून झाले." पुस्तक पाहावे तर पानेच्या पाने पिवळ्या शाईने रंगलेली. खरी अडचण येथेच आहे. दुसऱ्यांदा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि ही ओळख म्हणजेच ज्ञान, असा मनाचा समज होतो. परंतु प्रश्नपत्रिका ओळख विचारीत नाही. कोऱ्या कागदावर आठवून लिहावयास सांगते. या दोन क्रिया भिन्न आहेत.

अमेरिकेतील रोडिगर आणि कारपिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या दृष्टीने उद्बोधक आहे. विद्यार्थ्यांनी एक उतारा वाचून लगेच पुन्हा वाचला. दुसरा उतारा वाचल्यावर मात्र तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचलेला उतारा 81 टक्के, तर आठवून लिहिलेला 75 टक्के स्मरला. आठवड्यानंतर चित्र उलटले : पुन्हा वाचलेला 42 टक्के, आठवून लिहिलेला 56 टक्के. म्हणजे वाचनाने मिळालेला आत्मविश्वास त्या संध्याकाळपुरता खरा असतो; परीक्षा मात्र त्या संध्याकाळी नसते.

आपल्या घरांतून ही रीत पूर्वी नांदत होतीच. तिन्हीसांजेला दिवा लागला की मुले परवचा म्हणत. पाढे, पावकी, निमकी, दिडकी सारे तोंडपाठ, आणि पुस्तक कोणाच्याच हाती नसे. त्यात घोकंपट्टीही भरपूर होती, तिचे गोडवे मला गावयाचे नाहीत. पण रोज ठराविक वेळी, न पाहता, स्मरणातून बाहेर काढण्याची जी सवय होती ती मोलाची होती. आता ती वेळ भोपाळच्या मुलांची एम. पी. नगरच्या कोचिंग क्लासला जाण्या-येण्यात सरते.

करावयाचे ते अगदी साधे आहे. एक प्रकरण समजून वाचावे, पुस्तक मिटावे, कोऱ्या कागदावर आठवेल तेवढे लिहावे. मग पुस्तक उघडून राहिलेले लाल शाईने भरावे. दुसऱ्या दिवशी, चार दिवसांनी, पुन्हा दहा-बारा दिवसांनी हेच करावे. अंतर राखण्याचे कारण जर्मन संशोधक एबिंगहाऊस याने 1885 मध्येच दाखविले होते : निरर्थक अक्षरांची मालिका स्वतः पाठ करताना, एकाच दिवशी केलेल्या 68 आवृत्त्यांचे काम तीन दिवसांत विभागलेल्या 38 आवृत्त्यांनी भागले. मुलांना ही पद्धत प्रारंभी आवडत नाही. आठवत नाही म्हणून ती हिरमुसतात. पण आठवण्याची ती धडपडच स्मृती पक्की करते, हे त्यांना आधीच सांगून ठेवावे. गणितात तर सोडविलेले उदाहरण नुसते वाचणे जवळजवळ निरुपयोगी! मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवाव्यात.

घरच्या मंडळींनाही येथे काम आहे, आणि त्यासाठी रसायनशास्त्र येण्याची गरज नाही. पुस्तक आईने हाती धरावे आणि मुलाने सांगावे. आपली मुले इंग्रजी वा हिंदी माध्यमात शिकतात. त्यांना म्हणावे, ऑस्मॉसिस म्हणजे काय ते आजीला मराठीत समजावून दे. पाठ केलेले इंग्रजी वाक्य तेथे चालत नाही. विषय कळला असेल तरच मराठी फुटते, आणि आजीच्या शंका परीक्षकाहून अवघड असतात.

झोपेविषयी थोडे. जेन्किन्स आणि डॅलनबाख यांनी 1924 साली दोन विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात, पाठांतरानंतर जागे राहण्यापेक्षा झोपल्यास विसर कमी पडतो, असे आढळले. गाढ झोपेत दिवसभराच्या स्मृती मेंदूत स्थिरावतात, असे आज आपण मानतो. किशोरवयात 8 ते 10 तास झोप हवी. रात्री दहाला घेतलेल्या कॉफीतील कॅफिनचा जवळपास निम्मा अंश पहाटे तीनलाही रक्तात असतो. तेव्हा जागरणासाठी थर्मास भरून देणाऱ्या मातांनी तो रिकामाच ठेवावा.

आता जरा कठोर विषय. राष्ट्रीय गुन्हे अभिलेख ब्यूरोच्या नोंदीनुसार 2021 साली देशात 13,000 हून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांत महाराष्ट्र पहिला आणि मध्यप्रदेश दुसरा. म्हणजे आपली दोन्ही घरे! सर्वांचे कारण परीक्षा नव्हते, तरीही निकालाच्या दिवसांत घरातील शब्द जपून वापरावेत. मध्यप्रदेश मंडळाने 2025 पासून पूरक परीक्षेच्या जागी द्वितीय परीक्षा सुरू केली आहे. तीत नापास झालेल्यांनाच नव्हे, गुण वाढवू इच्छिणाऱ्यांनाही बसता येते. ही माहिती निकालानंतर सांत्वन म्हणून नव्हे, आजच जेवताना मुलांच्या कानी घालावी. मूल दोन आठवडे नीट झोपत-जेवत नसेल, एकटे राहू लागले असेल, किंवा "मी नसतो तर बरे झाले असते" अशा अर्थाचे एकदा जरी बोलले, तर परीक्षा संपण्याची वाट न पाहता त्याला डॉक्टरांकडे न्यावे. टेली-मानसचा 14416 हा शासकीय क्रमांक निःशुल्क असून अहोरात्र चालू असतो.