विलायतेचा परवाना: मिळकत आणि निवारा

सप्तपदी झाली, विवाहनोंदणीचा दाखलाही हाती आला, म्हणून ब्रिटनचे नागरिकत्व अथवा कायम वास्तव्याचा हक्क मिळविलेल्या पतीकडे पत्नीला तात्काळ जाता येते असे नाही. कारण तेथील सरकार दांपत्याच्या स्नेहाइतकीच त्याच्या मिळकतीची आणि निवाऱ्याचीही कसून तपासणी करते. वार्षिक उत्पन्नाची किमान मर्यादा २०१२ पासून १८,६०० पौंड होती. एप्रिल २०२४ मध्ये नव्या अर्जांसाठी ती २९,००० झाली.

एकाच मालकाकडे सहा महिने चाकरी झाली असल्यास तेवढ्या काळाच्या पगारपावत्या, मालकाचे पत्र आणि तीच रक्कम जमा झाल्याचे दर्शविणारे बँकेचे उतारे लागतात. पावती व उतारा यांत तफावत पडली, तर तिचा खुलासा अर्जासोबतच द्यावा. पुण्यातील पत्नीचा पगार, तो कितीही घसघशीत असो, या पहिल्या अर्जात हिशेबात धरला जात नाही, आणि ही अट मला तरी अन्याय्य वाटते. उत्पन्न मुळीच नसेल, तर ८८,५०० पौंडांची शिल्लक सलग सहा महिने स्वतःच्या ताब्यात असावी लागते. सासऱ्यांनी आयत्या वेळी भरलेली रक्कम त्यामुळे निरुपयोगी ठरते.

घर स्वतःचेच हवे असे नाही. भाडेकरार, घरमालकाचे संमतिपत्र, आईवडिलांच्या घरी राहायचे असल्यास त्यांचे पत्र व मालकीचा दस्त चालतो. मात्र १९८५ च्या गृहनिर्माण कायद्यान्वये तेथे दाटी होता कामा नये. त्या मोजणीत बैठकीची खोलीही धरतात, आणि वर्ष पूर्ण झालेले पण दहा वर्षांखालील मूल अर्धे माणूस गणले जाते!

बँकेचा शेवटचा उतारा अर्जाच्या तारखेपूर्वी २८ दिवसांहून जुना नसावा, एवढे मात्र वाचकांनी अवश्य पाहावे.