दमा समजून घेताना – लेखांक 5 : निळ्या पंपाचा हिशेब
मागच्या आठवड्यात दम्यात श्वासनलिका आतून कशा सुजतात ते पाहिलं. ती सूज लक्षात ठेवा. आज सगळं तिच्याभोवतीच फिरणार आहे.

उन्हाळ्यात लालबागच्या मसाला गल्लीत वर्षभराचा मसाला कुटून घ्यायला गर्दी होते. मिरचीचा खकाणा नाकातोंडात गेला की दमेकऱ्याची छाती भरते आणि तो गाठतो जवळचं मेडिकल. ‘एक अस्थालिन द्या.’ चिठ्ठी कोणी मागत नाही, कोणी दाखवत नाही.

हा निळा पंप म्हणजे साल्ब्युटामॉल. आवळलेली नलिका तो काही मिनिटांत सैल करतो, सुजेला मात्र हात लावत नाही. म्हणूनच तो फसवा. ‘जिना’ ही दम्यावरची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं 2019 पासून बजावताहेत, की मोठ्या माणसाने नुसत्या या पंपावर राहू नये. सूज उतरवणारं, श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड हवंच. एका पंपात 200 फवारे असतात. वर्षाला 3 किंवा जास्त पंप लागले तर मोठा अटॅक येण्याचा धोका वाढतो. महिन्याला एक लागत असेल, तर जिवाचाच.

हा हिशेब डॉक्टरांना कळायला रुग्णाने सांगावा लागतो. केमिस्टला तो समोर दिसतो. ‘मावशी, गेल्याच महिन्यात नेलात ना?’ एवढ्या एका प्रश्नाने रुग्ण वेळेत दवाखान्यात पोचू शकतो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब लिहिले, तर तेही याच काउंटरवर येतात. त्या थेंबांनी दमा उसळू शकतो, हे तिथेच पकडता येतं.

दुसरं काम ओढायला शिकवण्याचं. पंप हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, पंप दाबताना सावकाश, खोल ओढायचा आणि दहा सेकंद रोखायचा. रोटाहेलरमध्ये पावडर असते, ती जोरात, झटक्यात ओढायची. दोन्ही वापरणारे सर्रास उलटं करतात. स्टेरॉइडनंतर चूळ भरली नाही तर तोंडात बुरशी येऊ शकते, मग दोष पंपाला!

फिनलंडने 1994 ते 2004 या दहा वर्षांच्या दमा कार्यक्रमात औषधदुकानांना सामील करून घेतलं. दुकानातला एक फार्मासिस्ट खास दम्यासाठी नेमला. आपल्याकडे कायदा कमी नाही. 1948च्या फार्मसी कायद्याने चिठ्ठीवरचं औषध देण्याचा अधिकार नोंदणीकृत फार्मासिस्टलाच आहे, 2015च्या नियमांत रुग्णाला समजावून सांगणं हे त्याचं कामच ठरवलं आहे. महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना, फार्मासिस्ट हजर नसलेल्या दुकानांवर कारवाई झाली आणि केमिस्ट मंडळी रस्त्यावर उतरली. दादर-गिरगावात संध्याकाळच्या गर्दीत समजावत बसायला वेळ नसतो, हे खरं. त्या समजावण्याचे पैसेही कोणी देत नाही, आणि माझ्या मते खरी अडचण तीच आहे.

तरी पुढच्या खेपेला दुपारच्या निवांत वेळी जा. फार्मासिस्ट कोण ते विचारा आणि त्यांच्यासमोर एकदा पंप ओढून दाखवा. मात्र पंप घेऊनही धाप थांबत नसेल, बोलताना वाक्य पुरं होत नसेल, तर मेडिकलच्या पायरीवर उभं राहू नका. थेट केईएमची कॅज्युअल्टी गाठा.