समुद्रातले तेल, उसातले तेल आणि आपल्या ट्रॅक्टरचे डिझेल

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



गट ऑफिसात खोडव्याच्या नोंदी चालू होत्या. एक वयस्कर सभासद डिझेलचा कॅन दाराशी ठेवून आत आले. नोंदीचे राहिले बाजूला, त्यांनी मलाच विचारले, "साहेब, मुंबईच्या समुद्रातलं तेल आपलं, इथेनॉल बी आपलंच, मग डिझेल महाग कसं?" मी म्हटले, "तात्या, निवांत सांगतो." त्या दिवशी निवांतपणा काही मिळाला नाही. प्रश्न मात्र सगळ्यांचाच आहे, म्हणून येथे लिहितो.

गोष्ट १९७३ पासून सुरू होते. त्या ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध पेटले, अरब देशांनी तेल अडवून धरले आणि तीन डॉलरच्या आसपास असलेले तेलाचे पिंप जानेवारी १९७४ मध्ये साडेअकरा डॉलरच्या वर गेले. आपल्याकडे पेट्रोल भडकले. नोव्हेंबर १९७३ मध्ये अटलबिहारी वाजपेयी निषेध म्हणून बैलगाडीत बसून संसदेत गेले. आपल्या बैलगाड्या सकाळ-संध्याकाळ ऊस ओढतात, त्याची बातमी कोणी करत नाही. पण दिल्लीत ती झाली. पेट्रोलचा भाव आणि राजकारण यांची गाठ तेव्हापासून जी पक्की बसली ती सुटलेली नाही.

त्यानंतर तीनच महिन्यांनी, फेब्रुवारी १९७४ मध्ये, 'सागर सम्राट' या जपानमध्ये बांधलेल्या तरंगत्या यंत्राने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्राच्या तळातून तेल काढून दाखवले. हेच मुंबई हाय. मे १९७६ मध्ये तेथून प्रत्यक्ष उत्पादन सुरू झाले, पुढे समुद्रतळावरील नळातून तेल उरणला येऊ लागले. याच काळात सरकारने एस्सो, बर्मा शेल, कॅलटेक्स या परदेशी कंपन्या ताब्यात घेतल्या. तेल आपले, कंपन्या आपल्या आणि भावही सरकार ठरवील तो, अशी व्यवस्था बसली. १९८४-८५ पर्यंत देशातील उत्पादन सुमारे २ कोटी ९० लाख टनांवर गेले आणि देशाची साधारण ७० टक्के गरज घरच्या तेलावर भागू लागली. ही खरोखर मोठी कामगिरी होती, तीत शंका नको.

आता पुढचा आकडा वाचा. २०२३-२४ मध्ये देशातील कच्च्या तेलाचे उत्पादन होते सुमारे २ कोटी ९४ लाख टन! म्हणजे चाळीस वर्षांत आपण फिरून त्याच ठिकाणी. दरम्यान देशाचा खप मात्र २३ कोटी टनांवर गेला. घरात पाणी तेवढेच आणि खाणारी तोंडे कितीतरी पट. आज शंभरातील सत्त्याऐंशीच्या आसपास तेल बाहेरून येते.

"मग जास्त विहिरी का नाही खणत?" असे कोणी विचारील. खणतात. राजस्थानात बाडमेरला २००४ मध्ये मोठा साठा सापडला, २००९ पासून तेथे उत्पादन सुरू झाले, त्याने काही वर्षे आकडा वरही गेला. पण तेलक्षेत्राचे आपल्या उसाच्या फडासारखेच आहे. लागणीला जो उतारा पडतो तो पाचव्या-सहाव्या खोडव्याला पडत नाही. जमिनीखालचा दाब उतरतो, मग आत पाणी ढकलून तेल वर आणावे लागते, खर्च वाढतो, हाती कमी लागते. मुंबई हायचा आता कितवा खोडवा चालू आहे ते तुम्हीच मोजा. जानेवारी २०२५ मध्ये तेथील उत्पादन वाढवण्यासाठी एका ब्रिटिश तेल कंपनीला तांत्रिक साहाय्यासाठी बोलवावे लागले.

पण तात्यांच्या प्रश्नाचे खरे उत्तर याही पलीकडे आहे. समजा, घरचे तेल दुप्पट झाले, तरी पंपावरचे डिझेल स्वस्त होईलच असे नाही. २००२ पासून घरच्या कच्च्या तेलालाही जगाच्या बाजारातील भाव मिळू लागला. पेट्रोलचे नियंत्रण जून २०१० मध्ये गेले, डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये. म्हणजे आपल्या विहिरीतले पाणी आपल्यालाच बाजारभावाने. घरचे तेल परकीय चलन वाचवते, अडीनडीला देशाची मान मोकळी ठेवते. आपला कॅन स्वस्तात भरून देत नाही.

शिवाय कर आहेत. एप्रिल २०२० मध्ये कच्चे तेल पिंपाला २० डॉलरच्या आसपास उतरले होते. आपल्याला स्वस्त मिळाले काय? मार्च आणि मे २०२० मध्ये केंद्राने अबकारी वाढवली, डिझेलवर ती लिटरला ३१ रुपयांच्या पुढे गेली. वर राज्याचा कर वेगळा. सरकार कोणत्याही पक्षाचे असो, तेल हे वसुलीचे सर्वांत सोपे खाते असते. तेथे थकबाकीदारच नसतो!

आणि भाव मोकळे झाले म्हणतात, तेही निवडणूक पाहूनच. नोव्हेंबर २०२१ पासून पाच राज्यांच्या निवडणुका होईपर्यंत पंपावरचा भाव साडेचार महिने हलला नाही, कच्चे तेल शंभर डॉलरच्या वर गेले तरी. १० मार्च २०२२ ला निकाल लागले आणि २२ मार्चपासून रोज ऐंशी-ऐंशी पैसे करत पंधरवड्यात लिटरला १० रुपये वाढले. तो हंगाम आठवतो ना? महाराष्ट्रात ऊस विक्रमी, गाळप जूनपर्यंत रेटले, शेवटचा ऊस ओढायचा आणि नेमके तेव्हाच डिझेल चढलेले. मे महिन्यात कर थोडा कमी झाला तोवर बराच ऊस ओढून झाला होता.

तोडणी-वाहतूक आपल्या बिलातून वजा होते हे पुष्कळ सभासद विसरतात. समजा, एका खेपेला २० टन ऊस आणि येऊन-जाऊन २० लिटर डिझेल. म्हणजे टनाला एक लिटर. डिझेल १० रुपयांनी चढले की टनामागे १० रुपये गेले; शंभर टनांच्या सभासदाचे हजार. शेतातली नांगरट, सरी वेगळीच.

आता इथेनॉल. येथे एक गैरसमज आधी दूर करतो. आपले इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळते, डिझेलमध्ये नाही. ते जाते मोटारसायकलीत आणि शहरातल्या मोटारीत. आपला ट्रॅक्टर पूर्वी होता तेथेच. तरीही हे आपलेच तेल आहे. २००१ मध्ये देशात तीन ठिकाणी याची चाचणी घेतली, त्यांतील दोन आपल्या राज्यात, मिरज आणि मनमाडला. २०२२ मध्ये मिश्रण १० टक्क्यांवर आले, २०२५ मध्ये २० टक्क्यांवर.

पण या तेलाचा भावही सरकारच ठरवते. ७ डिसेंबर २०२३ ला, ऐन गळितात, उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास बंदी आली. पाऊस कमी, साखर कमी पडण्याची भीती आणि पुढे लोकसभा निवडणूक. आठवडाभरात ती थोडी सैल केली, पूर्ण उठली ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस. आसवनीसाठी कर्ज काढलेल्या कारखान्यांचे हप्ते मात्र कोणी थांबवले नव्हते.

भावाचे पाहा. रसापासूनच्या इथेनॉलला २०२२-२३ मध्ये लिटरला ६५ रुपये ६१ पैसे ठरले, २०२४-२५ मध्येही तेच. तेवढ्यात एफआरपी टनाला ३०५० वरून ३४०० रुपये झाली. एक टन उसाचे सुमारे ७० लिटर धरले तर लिटरमागे ५ रुपये खर्च नुसत्या उसापोटी वाढला. मक्याच्या इथेनॉलला त्याच वेळी ७१ रुपये ८६ पैसे मिळत होते. एफआरपी वाढली याचा मला आनंदच आहे, पण ती द्यायची कोठून हा हिशेबही सभासदाला ठाऊक हवा.

दोष एकट्या सरकारचाही नाही. ब्राझीलने १९७३ च्या धक्क्यानंतर, १९७५ मध्ये, उसापासून मोटारीचे इंधन करण्याची मोठी योजना काढली. १९८९ च्या सुमारास साखरेला भाव आला, तेल उतरले, तेथील कारखाने साखरेकडे वळले आणि मद्यार्कावर चालणाऱ्या मोटारी पंपावर रांगेत उभ्या राहिल्या. लोकांचा विश्वास परत यायला पुष्कळ वर्षे लागली. आपल्याकडेही साखर तेजीत आली की "इथेनॉल कशाला?" म्हणणारे सभासद मी पाहिले आहेत.

तात्या परवा पुन्हा भेटले. मी त्यांना हे सगळे सांगितले. म्हणाले, "म्हंजे तेल कुटलंबी असू द्या, भाव दिल्लीतच." आणि लगेच खोडव्याची नोंद विचारली. नोंद राहिलीच होती, ती करून दिली.

पुढील अंकात गटवार तोडणी-वाहतुकीचा हिशेब देणार आहोत. अंतराबाबत ज्यांची तक्रार असेल त्यांनी गट क्रमांक घालून शेतकी विभागाकडे लेखी कळवावे.