मुळशीच्या कातळाखाली केवढा दाब!

ताम्हिणी घाटातला काळा कातळ पाहिलात? वरून निवांत दिसणारा हा खडक आत खोलवर आत्ताही दाबला जातो आहे. तो दाब मोजता येतो आणि ती मोजणी जगभर वाटलीही जाते. ऐका काही भन्नाट गोष्टी!

नुसतं वजनच बघा. या काळ्या कातळात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, एक किलोमीटर खाली दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे २९० किलो भार असतो.

आडवा रेटा हिमालयाचा. भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर सरकत आशियाला भिडतो. म्हणून भारताच्या बऱ्याच भागात सर्वांत मोठा आडवा दाब साधारण दक्षिणोत्तर असतो.

बोअर गोल राहत नाही. खोल बोअरच्या भिंतींचे कपचे निघतात आणि भोक लंबगोल होतं. ते ज्या दिशेला लांबतं, तिच्या काटकोनात सर्वांत मोठा आडवा दाब!

पाण्याने खडक फोडा. बोअरचा छोटा टप्पा दोन्ही बाजूंनी बंद करून आत जोराने पाणी भरतात. भिंतीला तडा जातो. पंप थांबल्यावर तडा ज्या दाबाला मिटतो, तो खडकातला किमान आडवा दाब.

किल्लारी विरुद्ध कोयना. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला ६१७ मीटर बोअर घेतलं. बेसॉल्ट ३३८ मीटरवरच संपला. मुळशीहून सव्वाशे किलोमीटरवरच्या कोयना परिसरात, गोठण्याला, ३ किलोमीटर बोअर २०१७ मध्ये पूर्ण झालं. तिथे बेसॉल्ट संपून ग्रॅनाइट लागायला १,२४७ मीटर उतरावं लागलं! कोयनेच्या या बोअरच्या कामासाठी कराडला खास प्रयोगशाळा आहे. कारण कोयनेचा १९६७ चा ६.३ तीव्रतेचा भूकंप, आणि तिथलं धरण भरल्यापासून आजवर न थांबलेले धक्के.

भूकंपही माहिती देतो. भूकंपलहरींवरून खडक कसा सरकला ते कळतं, आणि त्यावरून दाबाच्या दिशेचा अंदाज बांधता येतो.

सगळ्यांचा एकच नकाशा. खडकातल्या दाबाच्या १९८६ मध्ये सुरू झालेल्या ‘वर्ल्ड स्ट्रेस मॅप’ या जागतिक नकाशात २०१६ साली ४२,८७० नोंदी होत्या, आता त्या लाखावर गेल्या आहेत. प्रत्येक नोंदीला ‘अ’ ते ‘इ’ अशी विश्वासार्हतेची प्रत मिळते. सर्वोत्तम प्रतीत दिशा १५ अंशांपर्यंतच चुकू शकते. आणि नकाशा कोणालाही मोफत!

बोगदा खणायचा, भूमिगत वीजगृह बांधायचं किंवा भूकंपाचा धोका तपासायचा, तर दाबाची ही दिशा आधी माहीत हवी. एका बोअरची मोजणी एकाच जागेचं सांगते. शेकडो एकत्र आल्या की अख्ख्या प्रदेशाचं कळतं. म्हणून सह्याद्रीत खोल बोअर घेणाऱ्या प्रत्येकाने आपली मोजणी खुली करावी. फायदा इथे राहणाऱ्या सगळ्यांचा आहे.